पावसाळ्याआधी ग्रुपवर एवढं ठरवा : मुंबईतल्या गाववाल्यांना खुलं पत्र

मुंबई, ठाणे, विरार, दिवा, डोंबिवली, जिथे जिथे आपली मंडळं आहेत तिथल्या सर्व चाकरमान्यांना, ग्रामविकास मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपांच्या ॲडमिनना,

सप्रेम नमस्कार.

दापोली तालुक्यातल्या खाडीकाठच्या एका गावात माझं घर आहे. ग्रामपंचायतीत सदस्य होते, त्यामुळे वादळ-पाऊस झाला की अजूनही लोक आमच्या पडवीत जमतात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही वाडीला लागू आहे.

विषय आपल्या गावच्या ग्रुपचा आहे. वादळ किंवा पूर आला की आधी वीज जाते. मग काही तासांत टॉवरच्या बॅटऱ्या उतरतात, जिथे जनरेटर असतो तिथलं डिझेल संपतं, आणि गावातले फोन बंद पडतात. मुंबईतले मात्र चालू असतात. म्हणजे गावची खबर ज्या घटकेला सगळ्यात जास्त हवी असते, नेमकं तेव्हाच गावच्या ग्रुपवर गावातलं कुणी नसतं. तरी ग्रुप थांबत नाही, उलट एरवीच्या कितीतरी पट मेसेज येतात. ते सगळे तुमचे असतात. तुमचा जीव इथे अडकलेला असतो. म्हाताऱ्या आईचा फोन लागत नाही तेव्हा माणसाचं काय होतं, ते मला कळतं. त्या मेसेजांनी आम्हाला मदतही झाली आहे आणि त्रासही झाला आहे. दोन्ही स्पष्ट लिहिते, म्हणजे पावसाळ्याच्या आत काही गोष्टी ठरवून टाकता येतील.

निसर्ग वादळापासून सुरुवात करते. 3 जून 2020 ला दुपारी ते श्रीवर्धनच्या परिसरात जमिनीवर आलं. वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर. हवामान खात्याचा इशारा वेळेवर मिळाला होता. बंदरात बावटा लागला होता, होड्या वर ओढून झाल्या होत्या, कच्च्या घरांतली माणसं शाळेत नेली होती. म्हणूनच एवढ्या वादळात माणसं फार गेली नाहीत, आणि याचं श्रेय इशारा देणाऱ्यांना आणि तो ऐकणाऱ्यांना द्यायलाच हवं. फोनचाही तेव्हा चांगला उपयोग झाला. वादळ कुठवर आलंय हे सकाळपर्यंत आम्ही फोनवरच बघत होतो.

हाल सुरू झाले ते वादळ गेल्यावर. माड-पोफळी आडव्या, विजेचे खांब रस्त्यावर, कौलं उडालेली, वर पाऊस. कित्येक वाड्यांत वीज यायला आठवडे लागले. त्यात लॉकडाऊन, त्यामुळे तुम्हाला उठून गावी येणंही सोपं नव्हतं. आमच्या गावाच्या वर सड्यावर जुनी चिरेखाण आहे, तिथे अधूनमधून रेंजची एखादी कांडी यायची. वाडीतल्या एका मुलाने शाळेची वही घेतली आणि घरोघर फिरला. प्रत्येक घराच्या नावापुढे त्याने माणसं किती, छप्पर आहे की गेलं, औषधं किती दिवसांची उरलीत, आणि मुंबईतला एक नंबर, एवढंच लिहून घेतलं. मग तो खाणीवर गेला. फोनला रेंज आली तशी ग्रुपचे आधीचे मेसेज उतरायला लागले. श्रीवर्धनचे व्हिडिओ, अलिबागचे व्हिडिओ, एकच व्हिडिओ पाच जणांनी टाकलेला, ‘कोकणासाठी प्रार्थना करा’ असं लिहिलेली चित्रं, ‘गावची काही खबर?’ असे मेसेज आणि त्याखाली हात जोडलेले. रिक्षाच्या बॅटरीवर कशीबशी चार्ज केलेली बॅटरी हे सगळं उतरवण्यातच संपत आली. वहीच्या पानांचे फोटो जाईनात. मग त्याने मोबाइल डेटा बंद केला आणि एकेका घराचा साधा एसएमएस लिहायला घेतला. ‘कौलं गेली. माणसं ठीक. आजीच्या बीपीच्या गोळ्या चार दिवस.’ असे.

हे एसएमएस गेले नालासोपाऱ्याला, आमच्याच वाडीतल्या एका सुनेकडे. तिने ते ग्रुपवर जसेच्या तसे ओतले नाहीत. आधी प्रत्येक घरच्या मुंबईतल्या माणसाला स्वतः फोन केला, मग एक यादी केली आणि ग्रुपवर ती एकच यादी टाकली, वर तारीख आणि वेळ घालून. दुसऱ्या दिवशी नवे एसएमएस आल्यावर जुनी यादी रद्द असं लिहून नवी टाकली. मंडळाची गाडी आली तेव्हा तिच्यात ताडपत्र्या होत्या, सुंभ होतं, खिळे होते आणि नावानिशी बांधलेल्या गोळ्यांच्या पुड्या होत्या. त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठून कुठून जुन्या कपड्यांची गाठोडीही आली. चांगल्या मनाने पाठवलेली होती, पण पावसात वाळत घालायलाही जागा नव्हती.

माझं सगळं मागणं या वहीत आणि त्या यादीत आहे. तुमच्याकडे वीज असते, रेंज असते, डोकं थोडं थाऱ्यावर असतं. तेव्हा आपत्तीत तुम्ही गावाचं कार्यालय व्हा. गावातून येणारी तुटक खबर नीट लिहून घ्या, पडताळा, योग्य माणसाकडे पोहोचवा आणि काम झालं की तिच्यावर तसं लिहा. बाकी सगळे मेसेज त्या काळापुरते थांबवा. ग्रुपवर ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतात’ ही सोय असते, ती अशाच दिवसांसाठी वापरा. कुणाला राग आला तर येऊ दे. बोलण्यासाठी, काळजी व्यक्त करण्यासाठी दुसरा ग्रुप काढा, पण खबरीचा ग्रुप मोकळा ठेवा.

चिपळूणची गोष्ट वेगळी. तिथे 2021 च्या जुलैत पाणी आलं तेच माणसांना झोपेतून उठवत. 22 जुलैच्या पहाटे वाशिष्ठी आणि शिवनदी शहरात शिरल्या. वर सह्याद्रीतला पाऊस, कोयनेच्या वीजनिर्मितीचं कोळकेवाडी धरणामार्गे येणारं पाणी, खाली दाभोळच्या खाडीची भरती, नदीतला गाळ. कशाचा वाटा किती यावर तेव्हाही वाद झाले आणि अजून होतात. 2005 च्या पुराच्या खुणेच्या वर सामान ठेवलं की झालं, असा पुष्कळ दुकानदारांचा हिशेब होता. अनेक ठिकाणी पाणी त्या खुणेच्याही वर गेलं. अशा रात्री बाजारपेठेतल्या माणसाला एकच गोष्ट कळायला हवी असते: बाजारपुलाकडे पाणी कुठवर आलं, आणि ते चढतंय की उतरतंय. प्रशासन नदीची पातळी मीटरमध्ये सांगतं. वाशिष्ठीची इशारा पातळी 5 मीटर, धोका पातळी 7 मीटर. खेडच्या जगबुडी नदीचीही तीच. हे आकडे उपयोगाचे आहेत, रोज बघावेत. पण पेठमापच्या आजीला ‘सात मीटर’ म्हणजे आपल्या उंबऱ्याला पाणी कधी लागणार ते कळत नाही. तिला चिंचनाका कळतो, वडनाका कळतो, मुरादपूर कळतं. ही भाषांतरं करायला स्थानिक माणूसच लागतो, आणि इथे समाजमाध्यम खरं उपयोगी पडू शकतं. प्रत्येक वस्तीतला एक ठरलेला माणूस दर अर्ध्या तासाने एक ओळ टाकतोय, ‘चिंचनाका, पहाटे 4.30, गुडघ्याला, चढतंय’, एवढं जरी झालं तरी वरच्या वस्तीला हालचालीला तासभर मिळू शकतो.

प्रत्यक्षात जुलै उजाडला की काय फिरतं? पूर आलेला नसतानाही जुन्या पुराचा व्हिडिओ ‘आत्ताचं चिपळूण’ म्हणून येतो. कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातली वाहून जाणारी गाडी मुंबई-गोवा महामार्गावरची म्हणून येते. मे महिन्यात कुणीतरी आठवडाभर पुढचा रंगीत नकाशा टाकतं आणि ‘महाभयंकर वादळ कोकणावर’ असं लिहितं. त्यावर भरवसा ठेवण्याआधी एक साधी खूण लक्षात ठेवा: वाऱ्याचा वेग ताशी 62 किलोमीटरवर जाऊन ते खरोखरच चक्रीवादळ झाल्याशिवाय हवामान खातं त्याला नाव देत नाही. सात दिवस आधी नावानिशी वादळ सांगणारा मेसेज म्हणजे कुणाची तरी कल्पना असते. आणि सगळ्यात वाईट मेसेज म्हणजे ‘धरण फुटलं’. ज्या जिल्ह्यात 2 जुलै 2019 च्या रात्री तिवरे धरण खरंच फुटलं आणि वीसहून जास्त माणसं वाहून गेली, तिथे हे दोन शब्द वाचून म्हातारी माणसं काळोखात, पावसात, घसरणाऱ्या पाखाडीवरून बाहेर पडतात. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005 च्या कलम 54 प्रमाणे खोटा इशारा पसरवून घबराट केली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कायद्याचा धाक दाखवायला मी हे लिहीत नाही. असा मेसेज पुढे ढकलणारा माणूस बहुतेक वेळा आपलाच कुणीतरी असतो, आणि तो काळजीपोटीच ढकलतो. पण घाबरून पडलेल्याचं हाड मोडायचं ते मोडतंच.

म्हणून ग्रुपवर येणाऱ्या प्रत्येक खबरीत चार गोष्टी मागा: तारीख-वेळ, नेमकी जागा, स्वतः बघितलंय की ऐकलंय, आणि मदत हवी असेल तर कशाची. यातलं काही नसेल तर ॲडमिनने विचारावं, उत्तर आलं नाही तर मेसेज काढून टाकावा. ‘आत्ताच’ असा शब्द फॉरवर्डमध्ये असला तर तो कधीचा ‘आत्ताच’ आहे ते कुणालाच सांगता येत नाही. 2018 च्या केरळच्या पुरात लोकांनी समाजमाध्यमांवर मदतीची फार मोठी साखळी उभी केली, त्यातून पुष्कळ माणसं वाचली. पण ज्यांची सुटका झालीय त्यांच्यासाठीच्या हाका नंतरही फिरत राहिल्या आणि सुटकेच्या कामात त्यामुळे गोंधळ झाला. आपल्याकडे हे टाळता येईल. हाक ज्याने टाकली त्यानेच ‘सुटका झाली, वेळ अमुक’ असं लिहून ती बंद करायची.

आता एक जरा कडू बोलते. इशारा आल्यावर गावातली म्हातारी माणसं लगेच घर सोडत नाहीत. आधी मुलाला मुंबईला फोन लावतात. ‘तलाठी आलाय, शाळेत जा म्हणतोय, जाऊ का?’ आणि मुलगा म्हणतो, ‘थांब, मी बघतो.’ मग तो ग्रुपवर विचारतो, बातम्या लावतो, कुणी म्हणतं काही नाही होत, आणि हे होईपर्यंत फोन बंद पडलेला असतो. आई इकडे ‘थांब’ या शब्दावर बसून राहते. आजच आईवडिलांना फोन करून सांगा: कोतवाल, तलाठी, पोलीस पाटील, सरपंच, आशाताई यांपैकी कुणीही उठा म्हटलं की उठायचं, आम्हाला विचारायचं नाही. तुमच्या तोंडून हे एकदा ऐकलं की आमचं निम्मं काम होतं, कारण आमच्या शब्दापेक्षा तुमचा शब्द त्यांच्या लेखी मोठा आहे.

याला आणखी एक कारण आहे. सरकार आता टॉवरवरून एका ठराविक परिसरातल्या सगळ्या फोनांवर एकदम इशारा पाठवू शकतं. त्याला नंबर लागत नाही, इंटरनेट लागत नाही, फोन मोठ्याने वाजतो. 20 जुलै 2023 च्या सकाळी महाराष्ट्रात पुष्कळांचे फोन असे वाजले होते, ती चाचणी होती. आदल्याच रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी दरडीखाली गेली होती. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण त्या सकाळी तो आवाज ऐकून पोटात कसं झालं ते मी विसरलेले नाही. असा इशारा ज्या परिसरासाठी असतो तिथल्याच फोनांवर येतो. आमचे फोन वाजतील तेव्हा तुमचे वाजणार नाहीत. ‘माझ्याकडे तर काहीच आलं नाही’ असं म्हणून कुणाला थांबवू नका. आणि रेड अलर्ट हा जिल्ह्याला असतो, वाडीला नसतो. दापोलीत ऊन पडलेलं असताना राजापुरात ढग फुटल्यासारखा पाऊस असू शकतो, म्हणून अलर्ट खोटा ठरत नाही.

इर्शाळवाडीवरून दुसरं सांगायचं आहे. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत तिचं नाव नव्हतं. वर जायला रस्ता नव्हता. त्याआधी 2021 मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली असतानाच महाड तालुक्यातल्या तळियेत डोंगर खाली आला, ऐंशीहून जास्त माणसं गेली, आणि मोठं मदतपथक पोहोचायला दुसरा दिवस उजाडला. रस्ते बंद, फोन बंद. जिथून व्हिडिओ येतो तिकडे सगळ्यांचं लक्ष जातं, मदतही तिकडे वळते. जिथून काहीच येत नाही तिथे सगळ्यात वाईट घडलेलं असू शकतं. तुमच्या यादीत एखादी वाडी अर्धा दिवस गप्प असेल तर ती ठीक आहे असं धरू नका. जिल्हा नियंत्रण कक्षाला ती वाडी नावानिशी कळवा, शेवटचा संपर्क कधी झाला तेही सांगा. गावातून 1077 लागतो. तुम्हाला मुंबईतून लावायचा तर कक्षाचा पूर्ण लँडलाइन नंबर हवा. तो आजच शोधून ग्रुपच्या वर्णनात लिहून ठेवा.

डोंगर बहुतेकदा आधी काही खुणा देतो. जमिनीला नव्या भेगा, घराचे दरवाजे अचानक अडकायला लागणं, झाडं किंवा खांब कलणं, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा आटणं, नवीन जागी पाणी फुटणं. गावातली गुराखी पोरं हे आधी बघतात. पोरांनी त्याचे फोटो काढून, शेजारी काठी किंवा चप्पल ठेवून म्हणजे भेगेची रुंदी कळेल, तारीख घालून ग्रुपवर टाकावेत असं आम्ही सांगणार आहोत. पुढचं काम तुमचं. फोटो लाइक करून सोडू नका. तहसीलदाराला लेखी द्या, पोच घ्या, पोचेचा फोटो परत ग्रुपवर टाका, पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा. तिवऱ्याच्या धरणाला गळती आहे हे गावाने आधी कळवलं होतं. माहिती होती, तिच्या मागे लागून राहणारं कुणी हवं होतं. मंत्रालय तुम्हाला लोकलने जाण्याइतकं जवळ आहे, आम्हाला नाही.

तिथे गेलात की आणखी दोन गोष्टी मागा. किनाऱ्यावरच्या टॉवरना पावसाळ्याआधी पुरेशा बॅटऱ्या आणि डिझेल आहे का याची तपासणी, आणि वादळानंतर एका कंपनीचा टॉवर पडला तर तिच्या ग्राहकांचे फोन दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवर चालतील ही सोय, जी दूरसंचार खात्याला चालू करता येते, ती कोकणात लगेच चालू होण्याची हमी. जिल्ह्याच्या अधिकृत खात्यांवर पूरस्थितीची माहिती ठरलेल्या वेळांना, मराठीत आणि अक्षरांत यावी. पत्राचा तिरका फोटो लोकांना उघडत नाही, वाचता येत नाही.

फोनवर सगळी भिस्त ठेवू नका, आम्हीही ठेवत नाही. बॅटरीवर चालणारा रेडिओ प्रत्येक वाडीत एक तरी हवा. आकाशवाणीच्या रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग केंद्रांवरची बातमी टॉवर पडल्यावरही ऐकू येते. मंदिराचा, मशिदीचा, शाळेचा भोंगा बॅटरीवर वाजेल असा करून घ्यायला मंडळाने पैसे द्यावेत. सभागृहाला रंग एक वर्ष उशिरा दिला तरी चालेल. समुद्रात असलेल्यांसाठी तर व्हॉट्सॲपचा काहीच उपयोग नाही, किनाऱ्यापासून दूर गेलं की रेंज संपते. त्यांच्याशी बिनतारी संचावरूनच बोलता येतं, तो होडीवर चालू स्थितीत आहे का ते बंदरात विचारावं लागतं.

मदतीच्या पैशांबद्दल थोडक्यात. क्यूआर कोड फिरायला लागले की त्यात खोटेही घुसतात. मंडळाच्या नोंदणीकृत खात्याखेरीज दुसरा कुठलाही कोड ग्रुपवर ठेवू नका.

मे महिन्यात तुम्ही सुट्टीला गावी येता, देवळात गावची बैठक होते. या वेळी त्या बैठकीत हा विषय पालखीच्या आणि रस्त्याच्या आधी घ्या. प्रत्येक वाडीतून खबर देणारे दोघे ठरवा, त्यातली एक बाई असू दे, कारण कुठल्या घरात कोण बाळंत आहे, कोण अंथरुणाला खिळलंय हे तिलाच माहीत असतं. मुंबईतून ती खबर घेणारेही दोघे ठरवा, रात्री फोन उचलणारे. या चौघांकडेही एकमेकांचे नंबर कागदावर लिहिलेले असू देत. घरांची वही आम्ही तयार करतो आहोत. तिची एक प्रत तुमच्याबरोबर मुंबईला पाठवू, ती मंडळाच्या कपाटात न ठेवता त्या दोघांच्या घरी राहू दे.

तुमची,
खाडीकाठची एक गाववाली
तालुका दापोली, जिल्हा रत्नागिरी